चढणीच्या माशांची वाट

मृग नक्षत्राचा पाऊस एकदा मनासारखा कोसळला, की कोकणातल्या वहाळांना तांबूस पाणी येते आणि त्या पाण्याच्या उलट दिशेने मासे चढू लागतात. नदीतून वहाळात, वहाळातून पऱ्यात, पऱ्यातून थेट भाताच्या खाचरात. नुकत्याच भरलेल्या उथळ पाण्यात अंडी घालायची आणि पाणी ओसरण्याआधी माघारी फिरायचे, हा त्यांचा परंपरागत क्रम. कोकणात याला 'वलगण' म्हणतात. देशावर 'चढणीचे मासे' हा शब्द रूढ आहे. वलगणीच्या रात्री गावेच्या गावे बत्त्या घेऊन वहाळावर उतरतात, हे खरे. आणि अंड्यांनी भरलेली मादी कालवणात घालणे म्हणजे पेरणीचे बियाणे दळून भाकरी करण्यासारखे आहे, हेही तितकेच खरे. परंतु त्या रात्रीच्या मौजेमागे एक जाणते निरीक्षण आहे. मासा एका जागी राहत नाही, तो प्रवास करतो आणि त्या प्रवासावर त्याचा वंश अवलंबून असतो, हे शाळेचे तोंडही न पाहिलेल्या कातकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

ज्या भाषेने या चढणीला स्वतंत्र नाव दिले, त्याच भाषेत कारभार करणाऱ्या खात्यांच्या अंदाजपत्रकांत मात्र तिच्यासाठी रकाना नाही. बंधाऱ्याची लांबी, पाया, सांडवा, साठवण क्षमता, भिजणारे क्षेत्र या सर्वांची नोंद होते. या ओढ्यातून दर पावसाळ्यात कोण वर जाते आणि कोण खाली येते, हे कोणी विचारत नाही. एखाद्याने विचारलेच, तर तो धरणविरोधकांच्या पंक्तीत बसवला जातो. हा गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. ज्या देशात पावसाचे सारे पाणी चार महिन्यांत वाहून जाते, तेथे ते अडवणे हे पुण्यकर्मच आहे. विहीर, तळे, बांध बांधणाऱ्याला या समाजाने नेहमीच मान दिला. तेव्हा प्रश्न धरण हवे की नको, हा नाही. अडवलेल्या पाण्यातून माशाला वाट कशी ठेवायची, हा आहे. आणि तो सर्वस्वी स्थापत्यशास्त्राचा प्रश्न आहे.

पल्ला, इलिश, पुलसा

चेटीचंडच्या दिवशी उल्हासनगरात निघणारी मिरवणूक ज्यांनी पाहिली असेल, त्यांना झूलेलालांची मूर्ती आठवत असेल. शुभ्र दाढी, हाती ग्रंथ, आणि वाहन मासा. फाळणीत घरदार गमावून आलेल्या सिंधी बांधवांनी जे थोडे बरोबर आणले, त्यात ही प्रतिमा होती. त्या प्रतिमेतील मासा म्हणजे पल्ला. समुद्रातून सिंधूत शिरून प्रवाहाविरुद्ध शेकडो मैल चढत जाणारा हा मासा दर्शनालाच निघालेला असतो, अशी सिंधी लोकांची श्रद्धा. एकेकाळी तो सक्कर ओलांडून मुलतानपर्यंत जात असे. १९३२ साली सक्करचा बराज पूर्ण झाला आणि त्याची धाव तेथे थांबली. १९५५ साली खाली कोटरीला दुसरा बराज उभा राहिला आणि ती आणखी आखडली. सक्करजवळ सिंधूच्या बेटावर साधुबेला हे तीर्थ आहे. देवाचे वाहन आता त्या तीर्थापर्यंत पोहोचत नाही.

पल्ला हा काही एकट्या सिंधूचा मासा नव्हे. गंगेत तोच इलिश होतो, गोदावरीत पुलसा, नर्मदेच्या मुखाशी चाकसी आणि मराठी किनाऱ्यावर पाला. शास्त्रीय ग्रंथांत आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत त्याला हिल्सा म्हणतात. नावे निराळी, पण आयुष्याचा क्रम एकच. वाढायचे समुद्रात, पावसाळ्यात नदीच्या गढूळ गोड पाण्याचा माग काढीत वर जायचे, तेथे अंडी घालायची, आणि अंड्यांतून निघालेल्या पिलांनी पाण्याबरोबर वाहत, वाढत पुन्हा समुद्र गाठायचा. सिंधूपासून कावेरीपर्यंतच्या नद्यांना एका सूत्रात ओवणारा दुसरा असा जीव सापडणे कठीण.

या सूत्राच्या गाठी एकेक करून सुटत गेल्या. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी आंध्रात राजमहेंद्रीजवळ पोहोचते, तेथे सर आर्थर कॉटन यांनी १८५२ साली धवळेश्वरचा बांध पुरा केला. त्या बांधाने गोदावरीचा त्रिभुज प्रदेश सुजलाम केला, हे कोणीही नाकारणार नाही. तेथील शेतकरी आजही कॉटन यांच्या प्रतिमेला हार घालतात. पुलसाची धाव मात्र तेव्हापासून धवळेश्वरच्या भिंतीशीच संपली. कावेरीवर मेत्तूरचे धरण १९३४ साली झाले आणि तेथील हिल्साची मासेमारी काही वर्षांतच बसली. आणि मग आले फराक्का.

फराक्का

हुगळीत गाळ साचून कलकत्ता बंदर मरू लागले होते. गंगेचे पाणी हुगळीत वळवून गाळ धुवून काढावा, या हेतूने मुर्शिदाबाद जिल्ह्यात सव्वादोन किलोमीटर लांबीचा बराज बांधण्यात आला आणि एप्रिल १९७५ मध्ये तो कार्यान्वित झाला. बंदर वाचवण्याची गरज खरी होती. बांगलादेशाशी या पाण्यावरून पुढे दोन दशके वाद झाला, १९९६ साली तीस वर्षांचा करार झाला, आणि त्या कराराला दर दहा दिवसांच्या प्रवाहाचे कोष्टक जोडले गेले. कोष्टक अर्थात पाण्याचे.

माशाचा हिशेब त्याआधीच चुकता झाला होता. फराक्कापूर्वी हिल्सा पाटणा, बक्सर, काशी, प्रयाग करीत यमुनेत शिरे आणि आग्र्यापर्यंत, क्वचित दिल्लीपर्यंतही जात असे. प्रयागच्या निषादांच्या कित्येक कुटुंबांचा पावसाळा या माशावर चाले. रामायणातील गुहाचा वारसा सांगणारा हा समाज; नावा आणि जाळी हेच त्याचे शेत. १९७५ नंतरच्या काही हंगामांतच प्रयागच्या बाजारातून हिल्सा नाहीशी झाली. त्यांचे पुनर्वसन झाले नाही, कारण त्यांची जमीन बुडाली नव्हती. ज्याचे शेत वाहते असते, त्याच्या नुकसानीचा पंचनामा कोणता तलाठी करणार?

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फराक्काच्या अभियंत्यांना मासा आठवला नव्हता, असे नाही. बराजमध्ये माशांसाठी खास कक्ष ठेवले होते. नौकांना वर-खाली नेण्यासाठी जसा दोन दारांचा कक्ष असतो, तशीच ही रचना. खालचे दार उघडून मासे आत घ्यायचे, ते बंद करून कक्षात पाणी भरायचे आणि पाणी वरच्या पातळीला आले की वरचे दार उघडायचे. कागदावर निर्दोष. तरीही हिल्सा वर गेली नाही. म्हणजे अपयश दुर्लक्षाचे नव्हते, ते आराखड्याचे आणि वापराचे होते. आणि हे अधिक गंभीर आहे. कारण ज्याने काहीच केले नाही त्याला जाब विचारता येतो, ज्याने कागदावर सर्व केले आहे त्याला काय विचारायचे?

शिडी कोणासाठी?

माशांच्या वाटेची कल्पना युरोप-अमेरिकेत वाढली ती सामन माशाभोवती. सामन उड्या मारतो. धबधब्याखालच्या डोहात क्षणभर दम घेऊन तो हवेत झेप घेतो आणि वरच्या टप्प्यात पडतो. त्याच्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची हौदांची शिडी बांधली, की काम भागते. ही शिडी पुस्तकांतून भारतात आली आणि हिमालयातल्या काही बराजांच्या कडेला बसलीही. पण आपल्या नद्यांत सामन नाही. महासीर बलवान असला तरी सामनसारखा उड्या मारणारा नव्हे. हिल्सा तर त्याहून निराळी. ती उडी मारीतच नाही, थव्याने चालते, अरुंद जागेत बिथरते, अंगावरचे खवले थोडे निघाले किंवा पाण्याबाहेर क्षणभर राहिली तरी दगावते. असल्या माशासाठी सामनची शिडी बांधणे म्हणजे लंगड्याच्या हाती दोरखंड देऊन गड चढायला सांगणे.

दुसरी अडचण वाटेच्या तोंडाची. वर चढणारा मासा नदीचा जोरकस प्रवाह शोधीत येतो. पावसाळ्यात बराजच्या शेकडो मीटर रुंदीतून पाणी गर्जत असते आणि एका कडेला माशांच्या वाटेतून एखादी बारीक धार पडत असते. माशाने ती धार कशी ओळखावी? तो मोठ्या प्रवाहापाशी भिंतीला धडका देत राहतो आणि खाली टपलेल्या जाळ्यांत सापडतो. बराजखालचा नदीचा तळ काही वर्षांत खरवडून खोल जातो आणि वाटेचे तोंड पाण्याच्या वर लोंबकळत राहते, ही त्याच्यापुढची गंमत. उद्घाटनाच्या दिवशी जी वाट होती, ती दहा वर्षांत नुसता काँक्रीटचा जिना होऊन बसते.

तिसरी गोष्ट परतीची. वर गेलेला मासा आणि त्याची पिले खाली यायची असतात. बराजच्या वरचे पाणी संथ असते. प्रवाहाबरोबर वाहायची सवय असलेली अंडी आणि पिले तेथे अडतात, काही कालव्यांत शिरून शेतात जाऊन मरतात, जलविद्युत केंद्र असेल तर पात्यांत चिरडतात. वर जाण्याची सोय करणारे आराखडे खाली येण्याविषयी बहुधा गप्प असतात.

या साऱ्याला उत्तर नाही काय? आहे, आणि ते हिल्साच्या एका अमेरिकी चुलतभावाने मिळवून दिले आहे. त्याचे नाव शॅड. तोही समुद्रातून नदीत चढतो आणि तोही उडी मारीत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये कनेक्टिकट नदीवर होल्योक येथे एका कंपनीने धरण बांधले. शॅड अडला, वरच्या गावांतील लोकांनी तक्रार केली, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८७२ च्या सुमारास निकाल लागला की कंपनीने माशांना वाट दिलीच पाहिजे. कंपनीने वाट दिली. शॅड तिच्यातून गेला नाही. न्यायालयाच्या आज्ञेचे पालन झाले होते, वाट बांधलेली दिसत होती, आणि नदी रिकामी होती. अशी ऐंशी वर्षे गेली. अखेर १९५५ साली तेथे शिडीचा नाद सोडून पाळणा बसवण्यात आला. प्रवाहाच्या ओढीने शॅडचा थवा एका हौदात घ्यायचा, पाण्यासकट तो हौद यंत्राने उचलायचा आणि धरणाच्या वर सोडायचा. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या आणि १९९२ च्या हंगामात सात लाखांहून अधिक शॅड त्या पाळण्यातून वर गेले. हा आकडा सांगता येतो, कारण तेथे काचेच्या खिडकीपाशी माणूस बसवून मासे मोजतात. शिडीची लांबी-रुंदी सांगून तेथे कोणाची सुटका होत नाही.

योगायोग असा की होल्योकचा निकाल लागला त्याच सुमारास, १८७३ साली, फ्रान्सिस डे या इंग्रज शल्यविशारदाने भारतातील गोड्या पाण्याच्या माशांवर सरकारला अहवाल सादर केला होता. कालव्यांसाठी नद्यांवर घातलेले बांध चढणीचे मासे तोडतात, हे त्यात लिहिलेले आहे. इंग्रज सरकारने १८९७ साली मत्स्यव्यवसायाचा कायदा केला, सुरुंग लावून व विष घालून मासे मारण्याला मनाई केली, ते योग्यच झाले. पण त्याच सरकारच्या बांधांनी जे केले, त्याविषयी त्या कायद्याने बांधकाम करणाऱ्यावर कोणतेही बंधन घातले नाही. गरीब भोयाच्या सुरुंगाला दंड आणि सरकारी भिंतीला अभय, ही त्या राज्यकर्त्यांची नीती समजू शकते. स्वातंत्र्यानंतरही ती तशीच चालावी, याला काय म्हणावे?

अमेरिकेतलेच आणखी एक उदाहरण येथे उपयोगी आहे, कारण ते वीज आणि मासा यांच्या भांडणाचे आहे. मेन राज्यातील पेनॉबस्कॉट नदीवर धरणांची रांग होती. तेथील मूळ रहिवासी पेनॉबस्कॉट जमात, वीज कंपनी, सरकार आणि निसर्गप्रेमी संस्था एकत्र बसले. खालची दोन धरणे पाडायची, तिसऱ्याला वळसा घालणारा ओढ्यासारखा मार्ग काढायचा, आणि उरलेल्या केंद्रांत वीजनिर्मिती वाढवून घट भरून काढायची, असे ठरले. २०१२ आणि २०१३ मध्ये दोन धरणे उतरवली गेली, पुढे वळशाचा मार्गही झाला. वीज घटली नाही. आणि नदीत चढणारे हेरिंग जातीचे मासे काही हजारांवरून लाखांच्या घरात गेले. वळशाचा तो मार्ग पाहणाऱ्याला अभियांत्रिकी वाटतच नाही. मंद उताराचा, दगडगोट्यांचा, वळणे घेणारा ओढा. ज्यातून उडी मारणाऱ्यालाही जाता येते आणि न मारणाऱ्यालाही. हॉलंडातील उत्रेख्त शहरात तर २०२१ पासून कालव्याच्या बंद दाराखाली कॅमेरा ठेवला आहे. घरबसल्या पाहणाऱ्या कोणालाही मासा दाराशी ताटकळताना दिसला तर तो कळ दाबतो आणि दारवानाला निरोप जातो. युरोपीय माणसाला फावला वेळ फार, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे, दार तर उघडते!

फराक्कालाही उशिरा का होईना, जाग आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील नौकांच्या कक्षाची नवी रचना करताना हिल्साच्या जाण्यायेण्याची सोय करण्याची योजना जाहीर झाली. खर्च सुमारे ३६१ कोटी रुपये. मध्यरात्रीनंतर ज्या काही तासांत हिल्सा चालते, त्या वेळी दार उघडे ठेवण्याचा विचार त्यात होता. माशाच्या घड्याळावर दाराचे घड्याळ लावण्याची ही दृष्टी स्वागतार्ह आहे. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने 'नमामि गंगे' अभियानात हजारो हिल्सा फराक्काच्या वर नेऊन सोडल्या, काहींच्या अंगाला खुणेची पट्टी लावून त्या कोठवर जातात याचा माग घेतला. मासा हातांनी उचलून वर नेणे हा काही कायमचा इलाज नव्हे. पण वर सोडलेली हिल्सा पुढे जाते की नाही, हे त्यावाचून कळले नसते. सीमेपलीकडे बांगलादेशाने अंडी देणारी हिल्सा आणि तिची पिले यांच्या मासेमारीवर ठरावीक काळ कडक बंदी घालून या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत उत्पन्न दोन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेले. शेजाऱ्याची ही शिस्त घेण्यासारखी आहे.

बरगे आणि मोऱ्या

महाराष्ट्राला या विषयात परक्यांकडूनच शिकले पाहिजे, असे मुळीच नाही. पंचगंगेच्या खोऱ्यात वाढलेला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा घ्या. दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसवायचे बरगे. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, नदीला मोकळे सोडायचे. पाऊस सरता सरता ते पुन्हा घालायचे आणि मागचे पाणी रब्बीला वापरायचे. ही रचना पुराचा आणि गाळाचा विचार करून झाली. पण नकळत तिने माशाचीही सोय केली, कारण चढणीचा काळ नेमका तोच. नदी हवी तेव्हा उघडणारी भिंत या मातीतल्या माणसांनी बांधून दाखवली आहे. अर्थात बरगे वेळेवर काढले तर! कित्येक ठिकाणी ते गंजलेले, चोरीला गेलेले किंवा मनुष्यबळाअभावी खाचेतच अडकलेले असतात, आणि पुराच्या पाण्यात त्यांच्यामागे गाळ भरत जातो.

लहान ओढ्यांची कथा अधिक चिंतेची आहे. २०१४ अखेर सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात गावोगाव लोकांनी श्रम आणि पैसा ओतला, कार्यकर्ते उन्हातान्हात राबले. टँकर थांबलेल्या गावांना त्याचे मोल विचारावे. पण नाला खोलीकरण आणि रुंदीकरण या नावाखाली पोकलेन यंत्राने कित्येक ओढे सरळ चर करून टाकले. ओढा म्हणजे केवळ पाणी साठवायचा खड्डा नव्हे. त्यात खळाळ असतो, डोह असतो, वळण असते, काठावर करंज-उंबर-जांभळाची मुळे असतात. खळाळात पाण्याला हवा मिळते, डोहात उन्हाळा काढता येतो, मुळांच्या आडोशाला पिले लपतात. हे सर्व खरवडून काढले, की पाणी उरले तरी ओढा उरत नाही. त्यावर दर काही अंतरावर सिमेंटचे नालाबांध. प्रत्येकाखाली सरळ उभी धार. बोटभर लांबीच्या माशाला पुरुषभर उंचीची ती धार म्हणजे सह्याद्रीचा कडाच.

उपाय खर्चिक नाहीत. बांधाच्या खालच्या अंगाला मोठे दगड रचून मंद उतार करायचा. एक मीटर उंचीला वीस मीटर किंवा त्याहून अधिक लांबीचा. मधूनमधून मोठे दगड उभे ठेवले की त्यांच्या आड मासा दम घेतो. रस्त्याखालच्या मोऱ्यांची तीच गोष्ट. ओढ्याच्या तळापेक्षा उंच बसवलेला सिमेंटचा अरुंद नळ माशाला भिंतीइतकाच दुर्लंघ्य. त्याऐवजी मोरी रुंद घ्यावी, तिचा तळ ओढ्याच्या तळाखाली बसवावा आणि आत वाळू-गोटे साचू द्यावेत. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने या मोऱ्यांकडे दुर्लक्ष केले. तेथील मूळ जमातींनी न्यायालयात दाद मागितली आणि २०१८ साली निकाल त्यांच्या बाजूने कायम झाला. आता ते राज्य शेकडो मोऱ्या उखडून पुन्हा बांधण्याचा खर्च सोसत आहे. ग्रामीण रस्त्यांची कामे येथे रोज चालू असतात. मोरी पहिल्यांदाच नीट बसवायला तितका खर्च येत नाही.

महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे मासे आहेत. त्यांना कोणी मारीत नाही. भाविक चुरमुरे घालतात आणि हातभर लांबीचे महासीर पृष्ठभागावर येतात. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महासीरचे बीज तयार केले आणि ते देशातल्या अनेक नद्यांत सोडले गेले. श्रद्धेने डोह राखला, विज्ञानाने बीज दिले. डोहापासून डोहापर्यंतची वाट मात्र कोणाच्याच वाट्याला आली नाही. महाभारतात वनपर्वात मनूची आणि माशाची कथा येते. मनूने तो मासा घागरीत ठेवून त्याची पूजा केली नाही. तो वाढला तसा वापीत नेला, वापीतून गंगेत आणि गंगेतून समुद्रात. माशाला रक्षण हवे होते, तसे पुढचे पाणीही हवे होते.

भाडभूत

हा सारा विषय आज ज्या एका ठिकाणी येऊन ठेपला आहे, ते ठिकाण मराठी माणसाला अपरिचित नाही. नर्मदा परिक्रमा करणारे दक्षिण तटाने चालत मुखापाशी येतात आणि विमलेश्वराच्या बाजूने होडीत बसून खाडी ओलांडून मीठी तलाईला उतरतात. परिक्रमेवर मराठीत जितकी पुस्तके आहेत, तितकी क्वचितच दुसऱ्या भाषेत असतील. आणि त्या प्रत्येकात हा होडीचा प्रवास असतोच. भरतीची वाट पाहत काढलेली रात्र, काळोखात हाकारे घालणारे नावाडी, किनारा दिसेनासा झाल्यावर दाटून येणारे भय. ते नावाडी म्हणजे तेथील मच्छीमार. परिक्रमावासीयांना ते नेतात, आणि पावसाळ्यात चाकसी धरतात.

याच मुखाच्या वर, भरूच आणि समुद्र यांच्या दरम्यान, भाडभूत येथे नर्मदेवर बराज बांधण्यात येत आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले, २०२० साली प्रत्यक्ष काम सोपवले गेले. दीड किलोमीटरहून अधिक लांबी, नव्वद दरवाजे, वरून रस्ता. गरज खरी आहे. सरदार सरोवर पूर्ण झाल्यानंतर पावसाळा सोडला तर खाली येणारे पाणी थोडे. समुद्राचे खारे पाणी भरूचच्याही वर शिरू लागले, विहिरी आणि शेते खारावली. बराजने खारे पाणी थोपवायचे आणि गोड्या पाण्याचे सरोवर करायचे, अशी योजना. भरूचच्या शेतकऱ्याने याला विरोध करावा, असे कोण म्हणेल?

परंतु हिल्साला लागते ते नेमके खारे आणि गोडे पाणी मिसळण्याचे ठिकाण, आणि भिंत येते ती नेमकी तेथेच. सिंधूत कोटरीला, गंगेत फराक्काला जे झाले, ते नर्मदेत होण्याची ही घटका आहे. भाडभूतच्या माछी समाजाने आक्षेप नोंदवले, निदर्शने केली. योजनेत माशांसाठी मार्ग ठेवण्यात आला आहे, असे त्यांना उत्तर मिळाले. ते उत्तर खोटे नाही. फक्त होल्योकच्या कंपनीनेही १८७३ साली तेच उत्तर दिले होते, आणि फराक्काच्या आराखड्यातही ते होते.

म्हणून आज विचारायचे प्रश्न निराळे आहेत. तो मार्ग कोणत्या माशासाठी आखला? त्यातून पावसाळ्यात किती पाणी सोडणार आणि शेजारच्या दरवाजांच्या प्रवाहापुढे ते माशाला जाणवेल का? नव्वद दरवाज्यांपैकी काही दरवाजे आषाढ-श्रावणाच्या उधाणांत, अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला, ठरावीक तास पूर्ण वर उचलून ठेवता येतील काय? कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे जे करतात, ते येथे यंत्राने चालणाऱ्या दरवाजांना अशक्य नसावे. हॉलंडने २०१८ अखेरीस हारिंगव्लीट या समुद्रमुखावरच्या आपल्या प्रचंड दरवाजांची फट भरतीच्या वेळीही उघडी ठेवायला आरंभ केला, तो केवळ माशांसाठी. गोडे पाणी घेणाऱ्यांची सोय आधी वरच्या अंगाला हलवून. आणि सर्वांत महत्त्वाचे, पहिल्याच पावसाळ्यापासून मार्गातून वर गेलेले आणि खाली आलेले मासे मोजणार कोण आणि तो आकडा कोठे लावणार? भरूचच्या कार्यालयातल्या धारिकेत, की भाडभूतेश्वराच्या देवळाबाहेरच्या फलकावर?

चाकसी कोणत्या तिथीला, कोणत्या काठाने, किती खोल पाण्यातून चढते, हे भाडभूतच्या नावाड्यांना तोंडपाठ आहे. परिक्रमावासीयांना पलीकडे सोडून परतणाऱ्या होडीत एखादा अभियंता बसला आणि त्याने आपल्या नकाशावर त्या वाटेची रेघ ओढून घेतली, तर मार्गाचे तोंड कोठे असावे हे ठरवायला त्या एका फेरीत बरेचसे हाती लागेल. होडीत जागा असते.